डब्ल्यूपासून सुरू होणारं वेंगुर्ला

वेंगुर्ल्यात वाढलेल्या माणसाला डच लोकांची ओळख शाळेत जायच्या आधीच होते. गावात त्यांची वखार आहे. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, छप्पर कधीच गेलेलं, आत रान माजलेलं. लहानपणी आम्हाला तिथे जायला बंदी होती, म्हणून आम्ही तिथेच जायचो. सतराव्या शतकात त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीने, म्हणजे व्हीओसीने, ती बांधली. तिथून गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणारी जहाजं रसद घ्यायची, हे फार नंतर वाचलं. तेव्हा भाचा हॉलंडमधल्या उट्रेख्टला नोकरीला लागला आणि "मामा, मामीला घेऊन ये" असे फोन यायला लागले, तसं ठरवलं की ट्यूलिप आणि पवनचक्क्या राहिल्या तरी चालतील, ही वखार बांधणारी माणसं कुठल्या गावांतून आली ते बघून यायचं.

व्हिसा, विमान वगैरे ठरल्यासारखं झालं. एक ऑक्टोबर, बुधवार, सकाळी स्खिपोल विमानतळावर उतरलो.

बुधवार : उट्रेख्ट

स्खिपोल समुद्रसपाटीच्या चारेक मीटर खाली आहे. इथे मोठं सरोवर होतं, ते १८५२ साली पंपांनी उपसून कोरडं केलं. भाच्याने हे सांगितल्यावर बायकोने पायाखाली बघितलं. खाली फरशी होती.

विमानतळाच्या तळघरातच रेल्वे स्टेशन आहे. उट्रेख्टला थेट गाडी, अर्ध्या तासाचा प्रवास. तिकीट काढावं लागत नाही. आपलं नेहमीचं बँकेचं कार्ड आत शिरताना खांबाला टेकवायचं, बाहेर पडताना पुन्हा टेकवायचं, पैसे आपोआप कापले जातात. देशभर रेल्वे, ट्राम, बस सगळीकडे हेच. मात्र तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. एक, माणशी एक कार्ड. नवराबायकोत एक चालत नाही. दोन, निघण्याआधी बँकेत सांगून कार्डाचा परदेशातला टॅप चालू करून घ्या. तिसरी गोष्ट मी पैसे भरून शिकलो, ती गुरुवारच्या हकिकतीत येईल.

गाडीत आम्ही तिघे जोरजोरात बोलत होतो. सहा महिन्यांनी भेटलेला भाचा, बोलणं तर होणारच. समोरच्या वयस्कर बाईंनी काही न बोलता खिडकीच्या काचेवर बोट ठेवलं. तिथे लिहिलेलं होतं, 'स्टिल्टे'. म्हणजे शांतता. हा डबा गप्प बसणाऱ्यांसाठी राखीव होता. चार महिने इथे राहिलेला आमचा भाचा कानापर्यंत लाल झाला. पुढचे वीस मिनिटं आम्ही खुणांनी बोललो. बायको खुणांनीही बरंच बोलते.

मुक्काम भाच्याच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर. डच जिन्याबद्दल आधी कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे माळ्यावर चढायची शिडी असते, तिला कठडा लावला की झाला डच जिना. पायरीवर अर्धंच पाऊल मावतं, त्यामुळे उतरताना आडवं व्हावं लागतं. बायकोचा डावा गुडघा दुखरा. बॅगा भाच्याने दोन खेपांत वर नेल्या. जुन्या घरांच्या माथ्यावर पुढे आलेली तुळई आणि तिला आकडा का असतो, ते तेव्हा समजलं. या जिन्यांवरून कपाट वर जाणं शक्यच नाही, ते दोर लावून खिडकीतून आत घेतात. हॉटेल ठरवताना इतर काही विचारलं नाहीत तरी चालेल, लिफ्ट आहे का ते विचारा.

संध्याकाळी फिरायला. इथले कालवे दुमजली आहेत: वर रस्ता, खाली पाण्याच्या काठाला धक्का, आणि धक्क्याला लागून रस्त्याखाली शिरणारी तळघरं. पूर्वी होडीतला माल थेट या तळघरात उतरायचा. आता तिथे कॉफीची टेबलं आहेत. पुढे डोम चर्चचा मनोरा, ११२ मीटर, देशातल्या चर्चच्या मनोऱ्यांत सर्वांत उंच. गंमत म्हणजे मनोरा एकीकडे आणि चर्च दुसरीकडे, मधे मोकळं मैदान. १६७४ च्या वादळात मधला भाग कोसळला आणि तो पुन्हा बांधलाच नाही. मनोऱ्याला ४६५ पायऱ्या आहेत. आम्ही खालूनच नमस्कार केला.

मी त्या मनोऱ्याकडे मान वर करून बघत असताना कानाशी घंटी किणकिणली आणि भाचा ओरडला, "मामा, बाजूक हो!" सायकल अंगाला वारा लावून गेली. लालसर रंगाची वाट ही सायकलींची. तिथे थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, रस्ता ओलांडताना आधी सायकल बघायची आणि मग गाडी. उट्रेख्ट स्टेशनखाली साडेबारा हजार सायकली मावतील असा तळ आहे, पहिले चोवीस तास फुकट. या गोष्टीवरून कुणाचा मान मोठा ते ओळखावं.

गुरुवार : डेल्फ्ट आणि हेग

आमच्या घरी गुरुवारी मासे-मटण नाही. बायकोने विमानात बसायच्या आधीच जाहीर केलं होतं की देश बदलला तरी वार बदलत नाही.

गुरुवारीच डेल्फ्टला जा, कारण त्या दिवशी चौकात बाजार भरतो. चीजच्या चाकांएवढ्या वड्या, फुलं, आणि एका गाडीवर लोखंडी साच्यातून निघणारे गरम स्ट्रोपवाफल. दोन पातळ जाळीदार चकत्या, मधे गुळाच्या काकवीसारखा पाक. पाकिटातला स्ट्रोपवाफल भारतात मिळतो, पण गरम खाल्ल्याशिवाय मत बनवू नका. विक्रेत्याने नोट घेतली नाही. "फक्त पिन," म्हणाला, म्हणजे फक्त कार्ड. असं बऱ्याच ठिकाणी होतं. उलट एखाद्या ठिकाणी परदेशी क्रेडिट कार्ड चालत नाही. दोन वेगळी कार्डं आणि पन्नासेक युरो रोख जवळ असले की अडत नाही.

जुन्या चर्चचा मनोरा जवळजवळ दोन मीटर कललेला आहे. खाली कालव्याची भरणी आहे, ती बांधतानाच खचली. याच चर्चमध्ये व्हर्मीर चित्रकार आणि सूक्ष्मदर्शकातून जंतू बघणारा लेव्हेनहूक, दोघांना पुरलेलं आहे. दोघंही इथलेच, दोघांचा जन्म १६३२ चा.

व्हीओसीची सहा कचेऱ्यांत वाटणी होती: ॲमस्टरडॅम, मिडलबर्ग, डेल्फ्ट, रॉटरडॅम, होर्न आणि एंकहाउझन. डेल्फ्टच्या कचेरीचं घर 'आउडे डेल्फ्ट' या कालव्याकाठी अजून उभं आहे. बाहेरून विटांचा एक गंभीर वाडा. मी दाराशी बराच वेळ उभा राहिलो. बायको म्हणाली, "भाडं थकलंय का त्यांचं तुमच्याकडे?"

डेल्फ्टच्या निळ्या चिनीमातीची गोष्टही याच कंपनीतून निघते. जहाजांनी चीनची निळी-पांढरी भांडी आणली, लोक वेडे झाले, पुढे चीनमधून माल येणं आटलं, तेव्हा इथल्या कुंभारांनी तशीच भांडी स्थानिक मातीची करून विकायला सुरुवात केली. नक्कल इतकी गाजली की आता तीच अस्सल म्हणून विकली जाते. बाजारातल्या स्वस्त बशा बहुधा छापील असतात. हाताने रंगवलेल्यात कुंचल्याचा कमीजास्त दाब दिसतो, आणि किंमत ऐकूनही फरक समजतोच.

दुपारी एक नंबरची ट्राम धरून हेग. अर्ध्या तासाचा रस्ता. इथे ती तिसरी गोष्ट घडली. चढताना मी घड्याळवाल्या मुलांसारखा ऐटीत फोन टेकवला, उतरताना खिशातून कार्ड काढून टेकवलं. खातं एकच, पण यंत्राच्या लेखी दोन वेगळे प्रवासी. एक चढला आणि उतरलाच नाही, दुसरा चढला तो उतरताना. ट्राममध्ये अशा चुकीला चार युरो लागतात. रेल्वेत हेच केलं असतं तर वीस गेले असते. फोन तर फोन, कार्ड तर कार्ड.

मॉरित्सहाउस संग्रहालय लहान आहे, दोन तासांत होतं, आणि म्हणूनच आवडलं. लोक व्हर्मीरच्या मोत्याचं कानातलं घातलेल्या मुलीच्या चित्रापुढे दाटीवाटीने उभे असतात. त्याच दालनात त्यानेच काढलेलं डेल्फ्टचं चित्र आहे, त्याच्यापुढे तुलनेने जागा होती. सकाळी ज्या नव्या चर्चखाली आम्ही स्ट्रोपवाफल खाल्ला, त्याच्या मनोऱ्यावर चित्रात ऊन पडलेलं आहे. पुढची घरं ढगाच्या सावलीत, मागचा मनोरा उजळलेला. पाऊस नुकताच सरून गेला की आमच्याकडे बंदरावर असाच उजेड पडतो. आधी डेल्फ्ट बघा, मग हे चित्र, त्याच दिवशी. सोमवारी हे संग्रहालय दुपारी एकला उघडतं, तेवढं सांभाळा.

भूक लागली होती आणि बायकोचा गुरुवार होता. भाच्याने एका सुरिनामी खानावळीत नेलं. १८७३ पासून सुमारे ३४ हजार माणसं कलकत्त्याहून गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून सुरिनामला गेली, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडची. सुरिनाम १९७५ मध्ये स्वतंत्र झालं त्या सुमाराला त्यांचे नातू-पणतू मोठ्या संख्येने हॉलंडला आले, आणि हेगमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे. ताटात आली ती रोटी मऊ, मोठी, आणि तिच्या दोन पापुद्र्यांत पिवळ्या डाळीचा भुगा. गूळ न घातलेली पुरणपोळीच म्हणा. सोबत बटाट्याची मसाल्याची भाजी, वालीसारख्या हातभर लांब शेंगा, उकडलेलं अंडं. अंडं माझ्या ताटात आलं. एक बाराही घेतला. बारा म्हणजे उडदाचा वडा, त्यात पानं चिरून घातलेली.

गल्ल्यावर सत्तरीच्या बाई होत्या. बायकोच्या टिकलीकडे बघून त्यांनी कुठून आलात विचारलं. त्यांची सरनामी भाषा भोजपुरीच्या वळणाची, माझं हिंदी आकाशवाणीचं, मधेमधे भाचा डच लावायचा. त्यांचे पूर्वज जहाजाने गेले ते गाव त्यांना सांगता येत नव्हतं, कागदावर जिल्ह्याचं नाव तेवढं होतं. आपल्या आजीबद्दल सांगताना मात्र त्या 'आजी'च म्हणाल्या. बायको चमकली. "आम्हीपण आजीच म्हणतो." बाईंनी आत जाऊन आणखी दोन बारे आणले आणि पैसे घेतले नाहीत.

शुक्रवार : लायडन

बेत असा होता की १५९० ची वनस्पतिबाग शांतपणे बघायची, मग विद्यापीठाच्या गल्ल्यांतून भिंतींवर रंगवलेल्या कविता शोधत हिंडायचं. गाडीत उभं राहायला जागा नव्हती. स्टेशनाबाहेर पाऊल ठेवलं तर जत्रा. खरोखरची: पाळणे, ढोल, साखरेचा कापूस, सकाळी दहाला बियरचे ग्लास हातात घेतलेले आजोबा.

तीन ऑक्टोबर. १५७४ साली याच तारखेला स्पॅनिश सैन्याचा वेढा उठला. डच लोकांनी स्वतःचेच बांध फोडून शेतांत पाणी सोडलं, पाणी चढताच सैन्य पळालं आणि सपाट बुडाच्या होड्यांतून उपाशी शहरात हेरिंग मासा आणि पांढरा पाव पोचला. दुसऱ्या वर्षी शहराला विद्यापीठ मिळालं. तेव्हापासून दर तीन ऑक्टोबरला सगळं बंद आणि सगळे रस्त्यावर. बागेच्या फाटकाला कुलूप होतं. तारखा बघायचं काम माझ्याकडे होतं, हे मला दिवसभर ऐकावं लागलं.

पण मला वाटतं आठवड्यातला सर्वांत चांगला दिवस हाच. एरवी ही माणसं मोजकं बोलतात. त्या दिवशी पाठीवर थाप मारून बोलत होती. शेजारी उभ्या असलेल्या एका उंच गृहस्थांनी आम्हाला पळालेल्या सैन्याने मागे टाकलेल्या पातेल्याची गोष्ट सांगितली. एका पोरक्या मुलाला ते सापडलं म्हणे. त्याची आठवण म्हणून गाजर, कांदा, बटाटा एकत्र ठेचून 'हुत्स्पॉट' करतात. आम्ही म्हटलं, बटाटा तेव्हा इथे कुठे होता? ते हसले आणि म्हणाले, गोष्ट चांगली असली की बटाटा चालतो.

मग हेरिंग. हे मी वेंगुर्लेकर म्हणून सांगतो, तेव्हा गंभीरपणे घ्या. मासा कच्चा, मिठात थोडा मुरवलेला, काटा काढलेला, वर बारीक चिरलेला कांदा. शेपटीला धरायचा, मान मागे करायची आणि वरून तोंडात सोडायचा. आपल्या तारल्याच्याच कुळातला. बायकोने आधी वास घेतला. डोळा नसल्यामुळे ताजेपणा कसा बघायचा, म्हणून जरा घुटमळली. मग अर्धा खाल्ला, विचार केला, उरलेला खाल्ला. "मऊ आहे. लोण्यासारखा. मीठ बेताचं." आणि थोड्या वेळाने, "सोबत सोलकढी हवी होती." दुसरा हेरिंग तिने स्वतः जाऊन आणला.

शनिवार : रॉटरडॅम

रात्रीपासून वारा सुटला. बोटीने किंडरडाइकच्या एकोणीस पवनचक्क्या बघायचा बेत त्या वाऱ्यातच उडाला. छत्रीबद्दल सांगायचं तर घरी ठेवा. हॉलंडचा पाऊस आडवा येतो आणि छत्री कालव्यात संपते. आम्ही एक अर्पण केली. टोपीचं रेनकोट जाकीट घ्या. सगळे लोक मोबाइलवर पावसाचं रडार बघून घराबाहेर पडतात, तुम्हीही बघा. 'वीस मिनिटांनी थांबेल' म्हटलं की बहुधा थांबतो.

शहर नवंकोरं दिसतं त्याचं कारण १४ मे १९४० चा जर्मन बॉम्बहल्ला. आग जिथपर्यंत पोचली तिथे रस्त्यात खुणेचे लाल दिवे बसवलेत. त्या रेषेच्या एका बाजूला जुन्या विटा, दुसऱ्या बाजूला काच. तिरक्या घनाकृती घरांत एक बघायला उघडं आहे. आत भिंती अशा कलत्या की मला गरगरलं. घोड्याच्या नालेसारखी कमान असलेला मार्क्टहाल झाकलेला आणि गरम म्हणून तिथे वेळ काढला. मला खरं बघायचं होतं डेल्फ्सहाफन, बॉम्बमधून वाचलेलं जुनं बंदर. डेल्फ्ट समुद्रापासून आत, म्हणून ही त्यांची गोदी. त्यांच्या कचेरीची जहाजं इथे बांधली जायची. आम्ही पोचलो तेव्हा पाणी काठावर आपटत होतं आणि नांगरलेल्या बोटींचे दोर कुरकुरत होते. तो आवाज मात्र अगदी घरचा.

रविवार

पाऊस. गुडघा. पिठलं-भात.

दुपारी भाच्याने लॅपटॉप उघडला. हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने व्हीओसीची कागदपत्रं पानपान स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत, आणि हस्ताक्षर वाचणाऱ्या संगणकाकडून उतरवून घेतलेला मजकूर शोधताही येतो. गुरुवारी आम्ही ती इमारत हेगच्या स्टेशनाशेजारी बाहेरून बघितली होती. भाच्याने वेंगुर्ला टाइप केलं. काही नाही. ई होता तिथे आय घातला, तरी नाही. मग माझ्या ध्यानात आलं, ते लोक विंगुर्ला लिहायचे. व्ही काढून डब्ल्यू लावला आणि पडदा भरला.

डच आम्हाला कुणालाच नीट येत नव्हतं. भाच्याला किराणा आणि हवामानापुरतं. पण तपकिरी शाईतल्या त्या तिरक्या, झपाट्याने ओढलेल्या ओळींत तेवढा एक शब्द मी आपला आपण वाचू लागलो. डब्ल्यूची शेपटी प्रत्येक कारकुनाची वेगळी. बायकोने चहा आणला तो थंड झाला.

सोमवार : ॲमस्टरडॅम

मुद्दाम शेवटी ठेवलं. उट्रेख्टहून अर्ध्या तासाच्या आत गाडी पोचते, दर दहा मिनिटांनी आहे. ॲमस्टरडॅमची हॉटेलं महाग, वर साडेबारा टक्के पर्यटन कर. एका मधल्या गावात पथारी टाका आणि रोज सकाळी निघा; यातलं कुठलंही शहर तासाभरापलीकडे नाही. फक्त शनिवार-रविवारी रुळांची कामं चालतात, निघण्याआधी वेळापत्रक बघा. प्रवासात तहानेचे पैसे घालवू नका, नळाचं पाणी उत्तम असतं. स्वच्छतागृहाला मात्र अर्धा ते एक युरो लागतो, त्यामुळे संग्रहालयातून बाहेर पडण्याआधी जाऊन या.

नाझींपासून लपून डायरी लिहिणाऱ्या ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी निघतात आणि लगेच संपतात. दारावर मिळत नाहीत. भाच्याने कामावरून काढली होती. खोल्या रिकाम्या आहेत. सामान जर्मनांनी नेलं आणि परत आलेल्या वडिलांनी खोल्या तशाच ठेवायला सांगितल्या. भिंतीवर मुलांची उंची मोजलेल्या पेन्सिलच्या रेघा आहेत. बायको तिथे थांबली आणि मागची रांगही थांबली. कुणी ढकललं नाही. जिना इथलाही तसाच. ती एका हाताने कठडा, एका हाताने माझा खांदा धरून उतरली.

तिसऱ्या प्रहरी मी एकटाच आउडे होखस्ट्रातला गेलो. व्हीओसीचं मुख्य घर. कंपनीचे सतरा महाशय इथे जमून ठरवायचे की कुठल्या बंदरात किती माणसं, किती मिरी, किती तोफा. आता ते विद्यापीठाकडे आहे. कमानीतून आत गेलं की चौक, आणि चौकात सायकलीच सायकली. याच शहरात १६७८ पासून 'हॉर्टस मलबारिकस' हा मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांची ग्वाही आहे, कोंकणीत, आपल्या नागरी अक्षरांत.

मी भिंतीचा फोटो काढत होतो. दोन बाजूंनी, मग खालून. पायरीवर सँडविच खात बसलेल्या एका मुलीने इंग्रजीत विचारलं, काही शोधताय का? म्हटलं, नाही, आमच्या गावात यांची एक वखार आहे, म्हणून आलो. तिने खाणं थांबवलं. तिला ठाऊक नव्हतं. इतिहासाचीच विद्यार्थिनी होती, त्यामुळे जरा ओशाळली. गावाचं नाव विचारलं, मी सांगितलं, तिने एकदा म्हणून बघितलं. मग मोबाइल काढला आणि स्पेलिंग विचारलं.

मी डब्ल्यूपासून सुरुवात केली.